सातपुड्यातील मुक्काम आणि ग्रामसभेची संमती

बुलढाणा जिल्हा म्हटला की शेगाव, लोणार आणि सिंदखेडराजा ही नावे चटकन डोळ्यांसमोर येतात. परंतु जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे ओलांडून गेल्यावर, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग उभी आहे. साग, सालई, मोह, तेंदू, धावडा आणि पळस यांचे हे पानझडी वन आहे. पलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा लागतो, तर पूर्वेस मेळघाटाचा प्रदेश सुरू होतो. या डोंगरपट्ट्यात कोरकू, निहाल, भिल, भिलाला, बारेला आणि पावरा समाजातील आदिवासी बांधवांची वस्ती आहे.

हिवाळा लागला की या भागाकडे सहली व शिबिरे वळू लागतात. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, शाळांच्या निसर्गसहली, पक्षिनिरीक्षक, पदभ्रमण करणारे तरुण आणि अलीकडे स्वतःचे वाहन व तंबू घेऊन येणारी शहरातील कुटुंबे, असा हा वर्ग आहे. डोंगराची ओढ स्वागतार्ह आहे. मात्र प्रत्येक शिबिरप्रमुखाने निघण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे: या भूमीवर मुक्काम करण्याची परवानगी कोणाची घ्यावयाची? ‘वनखात्याची’ असे उत्तर बहुतेकजण देतील. ते चुकीचे नाही, परंतु ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

कायदा काय सांगतो

प्रथम वनखात्याच्या परवानगीचा विचार करू. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य 1997 साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र 127.11 चौरस किलोमीटर असून ते आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अभयारण्यात कोणी प्रवेश करावा यावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 याच्या कलम 27 ने मर्यादा घातली आहे. तेथे राहणारे, तेथे स्थावर मालमत्तेचा हक्क असणारे, कामावरील शासकीय सेवक आणि सार्वजनिक मार्गाने जाणारे प्रवासी यांसारखे अपवाद सोडले, तर इतरांस परवाना आवश्यक आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अथवा तेथील रहिवाशांशी असलेला वैध व्यवहार या कारणांसाठी कलम 28 अन्वये असा परवाना देता येतो. अभयारण्यात आग पेटविणे किंवा धोका होईल अशा रीतीने जळती सोडणे यास कलम 30 ने मनाई केली आहे. तेव्हा तेथे आपल्या इच्छेनुसार जागा निवडून तंबू ठोकता येत नाही. मुक्काम करावयाचा तो नेमून दिलेल्या ठिकाणीच, पूर्वपरवानगीने करावयाचा असतो.

आता दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, 2006 हा कायदा वैयक्तिक वहिवाटीच्या जमिनीपुरता आहे, असा समज पुष्कळ ठिकाणी दिसतो. वस्तुतः या कायद्याने गावाला सामूहिक हक्कही दिले आहेत. गावाच्या पारंपरिक सीमेतील वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क कलम 3 मध्ये आहे. मोहफुले, तेंदूपाने, मध, चारोळी यांसारख्या गौण वनोपजावरील मालकीही त्याच कलमात सांगितली आहे.

पाहुण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे ते कलम 5. वन्यजीव, वन व जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा, पाणलोट क्षेत्रे व जलस्रोत सुरक्षित राखण्याचा, आणि आपल्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशास बाधा आणणाऱ्या गोष्टी रोखण्याचा अधिकार या कलमाने हक्कधारकांना व ग्रामसभेला दिला आहे. सामूहिक वनसंपत्तीकडे होणारी ये-जा नियंत्रित करण्याबाबत ग्रामसभेने घेतलेल्या निर्णयांचे पालन व्हावे, अशी तरतूदही त्यात स्पष्टपणे केलेली आहे. म्हणजेच आपल्या वनात कोणी, केव्हा व कोणत्या अटीवर यावे याविषयी गावाचे मत हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहिलेला नाही. त्यास कायद्याचा आधार आहे.

येथे दोन बारकावे ध्यानात ठेवावेत. पहिला असा की, बुलढाणा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांसाठी असलेला 1996 चा पंचायत विस्तार कायदा येथे लागू होत नाही. वनहक्क कायद्याला मात्र ही मर्यादा नाही. तो अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे आणि अभयारण्येही त्याच्या कक्षेत येतात. दुसरा बारकावा हा की, या कायद्यातील ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. गावातील, किंवा पाडा स्वतंत्र असल्यास त्या पाड्यातील, सर्व प्रौढ स्त्री-पुरुष मिळून ग्रामसभा होते. सरपंचांच्या कानावर घातले म्हणजे ग्रामसभेची संमती मिळाली, असे समजू नये. ज्या गावाच्या हद्दीत जावयाचे तेथे सामूहिक वनहक्काचे मान्यतापत्र मिळाले आहे काय, ग्रामसभेने कोणते नियम ठरविले आहेत, याची चौकशी अगोदरच करावी. मान्यतापत्र अद्याप हाती आले नसले, तरी विचारण्याचे आपले कर्तव्य संपत नाही.

रिकामी दिसणारी जागा

सपाटीवरून आलेल्या माणसास डोंगरातील माळ किंवा नाल्याकाठची मोकळी जागा रिकामी वाटते. जागा रिकामी आहे, सावली आहे, पाणी जवळ आहे, तेव्हा तंबू येथेच टाकावा, असा विचार सहज मनात येतो. परंतु गावाच्या दृष्टीने त्या परिसरातील बहुतेक प्रत्येक जागेला काही ना काही अर्थ असतो. एखाद्या झाडाखालील शेंदूर लावलेले दगड हे कोरकूंच्या मुठवा देवाचे स्थान असू शकते. गावाची पूजा व विधी भूमका पार पाडतो. कोणत्या ठिकाणी कोणी जावे, चपला कोठे काढाव्यात, हे त्याला व गावातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते.

कोरकूंमध्ये मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी स्तंभ उभारण्याची प्रथा आहे. त्यास मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार यांच्या आकृती कोरलेल्या आढळतात. कलेचा नमुना म्हणून त्यास हात लावणे, त्यास टेकून छायाचित्र काढणे किंवा त्याच्याजवळ चूल मांडणे हे कोणाच्या समाधीवर बसून जेवण्यासारखेच आहे.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून काही गावांचे पुनर्वसन झालेले आहे. गाव उठले, घरे पडली, तेथे गवत वाढले, तरी देवाची स्थाने आणि पूर्वजांची स्मृती त्याच जागी राहिली. अशा जागेस ‘ओसाड’ म्हणून तेथील दगड हलविणे, जुन्या भांड्यांचे तुकडे अथवा कोरीव लाकूड आठवण म्हणून घरी आणणे हे सर्वथा गैर होय.

पाण्याचा हिशेब

डोंगरातील मुक्कामात सर्वांत मोठा ताण पाण्यावर पडतो. एक साधे उदाहरण घेऊ. 40 जणांचे शिबिर आहे. पिणे, स्वयंपाक, भांडी व हातपाय धुणे यासाठी माणशी 20 लिटर पाणी धरले, तर दिवसास 800 लिटर पाणी लागते. एका हंड्यात सुमारे 15 लिटर पाणी मावते असे मानल्यास हे 53 हंडे होतात. तीन दिवसांच्या शिबिरात ही संख्या 160 वर जाते. ज्या पाड्यातील स्त्रिया झऱ्यावरून किंवा विहिरीवरून डोक्यावर पाणी आणतात, तेथे हे 160 हंडे कोणाच्या वाट्याचे आहेत याचा विचार शिबिरप्रमुखाने केला पाहिजे. फेब्रुवारीनंतर तर एकेक झरा आटत जातो आणि उरलेल्या डोहावर माणसे, गुरे व वन्य प्राणी यांची सर्वांचीच भिस्त असते.

हा प्रश्न डोंगरापुरता मर्यादित नाही. सातपुड्याच्या पायथ्याखाली पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूजल खारे असल्याने पिण्याच्या गोड्या पाण्यासाठी अनेक गावांना डोंगरातून येणाऱ्या पाण्याचाच आधार आहे. वान नदीवरील वारी येथील हनुमान सागर प्रकल्प याच डोंगराच्या तोंडाशी उभा आहे. वरच्या नाल्यात साबण, तेलकट खरकटे किंवा मैला गेला, तर त्याचा उपद्रव प्रथम वरच्या पाड्यास आणि पुढे खालच्या वस्तीस होतो.

यासाठी नियम सोपे आहेत. पिण्याचे पाणी शक्यतो सोबत न्यावे. मोठ्या शिबिरासाठी गावाशी ठरवून पाण्याची वेगळी सोय करावी. तंबू नाल्याच्या काठावर न टाकता किमान 60 मीटर दूर टाकावा, म्हणजे संध्याकाळी पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट अडत नाही. अंघोळ किंवा भांडी धुण्यासाठी साबण घेऊन प्रवाहात उतरू नये. पाणी बादलीने बाजूस न्यावे व वापरलेले पाणी जमिनीत जिरू द्यावे. शौचालयाची सोय नसेल, तर पाण्यापासून तितक्याच अंतरावर 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करून नंतर तो मातीने बुजवावा. प्लास्टिक, काच, विजेऱ्या आणि सॅनिटरी पॅड यांचा कचरा तेथे न पुरता व न जाळता परत आणावा.

अग्नी आणि मोहाचा हंगाम

15 फेब्रुवारी ते 15 जून हा महाराष्ट्रातील वणव्याचा काळ मानला जातो. पानझडी वनात या दिवसांत वाळलेल्या पानांचा थर साचलेला असतो. त्यात पडलेली एक ठिणगी वाऱ्याच्या झोताबरोबर डोंगर उतरू शकते. राखीव वनात आग लावणे, तसेच मनाईच्या काळात अग्नी पेटविणे, बाळगणे किंवा नेणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 याच्या कलम 26 नुसार अपराध आहे.

याच काळात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात आणि पुढे एप्रिल-मेमध्ये तेंदूपानांची तोडणी चालते. मोहफुले पहाटे खाली पडतात आणि उन्हे चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात. घरातील लहानथोर सर्वजण त्यासाठी अंधारात बाहेर पडतात. कोणत्या कुटुंबाने कोणत्या झाडाखाली वेचावे याचेही गावागावांत संकेत असतात. ती फुले वाळवून ठेवली म्हणजे पुढे अन्न आणि रोख पैसा दोन्ही मिळतात. पाहुण्याने गंमत म्हणून ओंजळभर फुले उचलली किंवा झाडाखाली वाहन उभे केले, तर त्या घराचे त्या दिवसाचे उत्पन्न तुडविले जाते. शिबिराच्या शेकोटीतून वणवा लागला, तर अनेक घरांचे वर्षाचे उत्पन्न जळते. शिवाय वणव्याचा संशय पुष्कळदा प्रथम गावकऱ्यांवरच येतो, पाहुणा मात्र दुसऱ्या दिवशी निघून गेलेला असतो.

म्हणून स्वयंपाकासाठी स्टोव्ह सोबत न्यावा आणि वणव्याच्या काळात शेकोटीचा आग्रह धरू नये. थंडीच्या दिवसांत परवानगी मिळाली, तरी गावाने दाखविलेल्या जुन्या चुलीच्या जागीच विस्तव करावा. पडलेले लाकूड कोणाचेच नाही असे मानू नये, कारण ते गावाचे सरपण आहे. निघताना विस्तवावर पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत थांबावे.

माणसे आणि भाषा

या डोंगरात एक असे भाषिक धन आहे की ज्याची कल्पना जिल्ह्यातीलच अनेकांना नाही. कोरकू ही मुंडा भाषाकुलातील, सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी भाषा. जळगाव जामोद व संग्रामपूर परिसरातील निहाल समाजातील काही कुटुंबे मात्र निहाली बोलतात. या भाषेने कोरकू व मराठीतून पुष्कळ शब्द उचलले असले, तरी तिच्या मूळ शब्दांचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुलाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी 1962 साली तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आज ती बोलणारे सुमारे अडीच हजार लोक उरले असावेत आणि युनेस्कोने तिची गणना अत्यंत धोक्यात आलेल्या भाषांत केली आहे.

अशा माणसांच्या अंगणात आपण उभे असतो, तेव्हा त्यांना प्रदर्शनातील वस्तू समजणे हा मोठा अविवेक ठरेल. छायाचित्र काढण्यापूर्वी, बोलणे किंवा गाणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी विचारावे, आणि ‘नको’ म्हटल्यास कारण विचारत बसू नये. मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटून त्यांना हात पसरावयास शिकवू नये. द्यावयाचेच असेल तर शाळेच्या शिक्षकांशी बोलून द्यावे. होळीनंतर काही दिवस कोरकू मंडळी वाटेत प्रवाशांकडे फगवा मागतात. ती भीक नसून सणाची रीत आहे, हे विद्यार्थ्यांना अगोदर सांगावे. मोहाच्या दारूची मागणी करणे, रात्री ध्वनिवर्धक लावणे, दुर्गम स्थळाचा ठावठिकाणा मोबाईलवरून सर्वत्र पसरविणे ही वर्तने टाळावीत. मध, चारोळी वा भाजी घेताना घासाघीस करू नये. वाटाड्या, पाणी व जागा यांचे मोल गावाने ठरविल्याप्रमाणे द्यावे व ग्रामसभेच्या निधीत दिलेल्या रकमेची पावती घ्यावी.

अन्य ठिकाणचे अनुभव

गावाने वनाचे नियम ठरवावेत आणि बाहेरच्यांनी ते पाळावेत, ही कल्पना केवळ कागदावर राहिलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावास 2012 साली सुमारे 193 हेक्टर वनाचा हक्क मिळाला. ते वन तेव्हा उजाड झालेले होते. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईचे नियम केले, रोजगार हमीतून मृद व जलसंधारणाची कामे आणि वृक्षलागवड केली. सीताफळांची एकत्रित विक्री सुरू झाली. 2014 साली या गावास भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. ज्या गावाने झाड न् झाड राखून वन उभे केले, त्याला त्या वनात कोणी कसे वागावे हे सांगण्याचा अधिकार आहे, याविषयी दुमत होऊ नये.

दूरच्या ऑस्ट्रेलियातील अनुभवही बोधप्रद आहे. तेथील उत्तर प्रदेशात 1976 च्या आदिवासी भूमिहक्क कायद्यामुळे आज जवळजवळ निम्मी भूमी आदिवासींच्या मालकीची झाली आहे. अशा भूमीवर जाण्यासाठी प्रवाशास भूमिमंडळाकडे अगोदर अर्ज करावा लागतो. त्या जागेच्या पारंपरिक मालकांचे मत घेऊनच परवाना दिला जातो, म्हणून काही दिवसांचा अवधी ठेवणे भाग असते. तेथील उलुरू हा प्रचंड तांबडा खडक अनंगू लोकांस पवित्र आहे. 26 ऑक्टोबर 1985 रोजी त्याची मालकी त्यांना परत देण्यात आली आणि त्यांनी तो राष्ट्रीय उद्यानासाठी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने शासनाकडे दिला. ‘कृपया खडकावर चढू नका’ अशी विनंती ते वर्षानुवर्षे पाहुण्यांना करीत राहिले. अखेरीस 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद करण्यात आली. आजही हजारो प्रवासी तेथे जातात आणि पायथ्याभोवतीच्या वाटेने, माहिती ऐकत फिरतात. पाहण्याचा आनंद चढण्यावाचून कमी झालेला नाही.

आपल्याकडील स्थिती अगदी तशीच नाही. तेथे भूमीची मालकीच परत मिळाली, तर आपल्याकडे वनजमीन शासनाची राहून व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेस मिळतो. परंतु पाहुण्यापुरता दोन्हीकडचा धडा एकच आहे: परवानगी आधी, प्रवास नंतर.

शिबिरापूर्वीची तयारी

शिबिरप्रमुखांनी किमान एक महिना आधी दोन-तीन जणांसह गावी जाऊन यावे. ग्रामसभेची बैठक केव्हा आहे याची चौकशी करून तेथे आपला हेतू, माणसांची संख्या, दिवस, पाण्याची व शौचाची सोय हे सर्व सांगावे. स्त्रियांचे म्हणणे मुद्दाम ऐकावे, कारण पाणी आणि सरपण यांचा भार त्यांच्यावरच असतो. त्याच वेळी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. दोन्हींपैकी एकीकडून नकार आला, तर जागा अथवा दिवस बदलावे. एका परवानगीचा दाखला देऊन दुसरी मिळविण्याची घाई करू नये. गावात मृत्यू, सण किंवा विधी असल्यास आयत्या वेळी शिबिर पुढे ढकलण्याची तयारी ठेवावी.

निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांबरोबर एक तास बसून काही प्रश्नांची चर्चा करावी. आपण ज्या जागी राहणार आहोत तेथील पाणी कोठून येते व कोठे जाते? त्या वनातून गावाला वर्षभरात काय मिळते? तेथे कोणती स्थाने आपण पाहू नयेत? आपण परत आल्यावर गावाकडे काय उरणार आहे? शिबिराचा अहवाल लिहून झाला की त्याची एक प्रत मराठीत, सोप्या शब्दांत, ग्रामसभेस पाठवावी आणि शक्य असल्यास कोणीतरी स्वतः जाऊन ती वाचून दाखवावी. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे समजण्याचा त्या लोकांना अधिकार आहे.

आदिवासी समाजाने पिढ्यानुपिढ्या राखलेले वन पाहावयास आपण जातो. ते वन कोणा एका खात्याच्या देखरेखीमुळेच टिकलेले नाही, त्यात तेथील माणसांच्या श्रमाचा व संयमाचा मोठा वाटा आहे. दुसऱ्याच्या घरी जाताना आपण दार वाजवितो आणि ‘या’ असे ऐकल्यावर आत जातो. सातपुड्याच्या गावांना दार नसले, तरी त्यांच्या ग्रामसभा आहेत. तेथे जाऊन विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तर शिबिराचा हेतू बऱ्याच अंशी सफल झाला असे म्हणता येईल.